टॅक्सीइंग करताना छोट्या विमानांची टक्कर

विमान स्वतःच्या इंजिनाच्या जोरावर जमिनीवरून चालवण्याला टॅक्सीइंग म्हणतात. हँगरसमोरच्या एप्रनवरून धावपट्टीच्या तोंडापर्यंत जायचे आणि उतरल्यावर परत जागेवर यायचे, एवढाच हा प्रवास. वेग माणसाच्या भरभर चालण्याइतका ठेवावा, हे प्रशिक्षणार्थीला पहिल्या दिवसापासून सांगितले जाते. तरीही या संथ प्रवासात एक विमान दुसऱ्यावर जाऊन आदळते, पंखाचे टोक शेजारच्या विमानात घुसते, क्वचित माणूसही दगावतो. अशा अनेक टकरींच्या मुळाशी एक साधी गोष्ट असते: समोरचे विमान वैमानिकाला दिसलेलेच नसते.

न दिसण्याचे पहिले कारण विमानाच्या बांधणीत आहे. शेपटाखाली चाक किंवा घसरता टेकू असलेली विमाने जमिनीवर नाक वर करून उभी राहतात. टायगर मॉथ एकट्याने उडवायचे तर मागच्या आसनावर बसावे लागते. तिथून नेमकी समोरची दिशा इंजिनाच्या झाकणाने आणि पुढच्या आसनाने झाकली जाते. दिसतात त्या फक्त डाव्या-उजव्या बाजूच्या दोन फटी. मूळच्या टायगर मॉथला चाकांचे ब्रेकही नव्हते. बंगळूरमध्ये बनलेली एचटी-२ (पहिले उड्डाण १९५१) आणि पुष्पक (१९५८) ही प्रशिक्षणाची विमानेही अशीच, शेपटाच्या चाकाची होती. अशा विमानांत सरळ जाणे हाच धोका असतो. म्हणून वैमानिक नागमोडी चाल धरतो: नाक थोडे डावीकडे वळवून उजव्या खिडकीतून पुढचे पाहायचे, मग उजवीकडे वळवून डावीकडून. हे कंटाळवाणे वाटले तरी दुसरा उपाय नाही. वाट अरुंद असेल किंवा मागे रांग लागली असेल, तर ही नागमोड हळूहळू सरळ होत जाते आणि घात होतो तो तिथेच.

अमेरिकेतील ऑशकॉश येथे दरवर्षी जुलैच्या सुमारास भरणाऱ्या विमानमेळ्यात ३० जुलै २००६ रोजी असेच झाले. दुसऱ्या महायुद्धातील अव्हेंजर जातीचे विमान टॅक्सी करत होते. त्याच्या वाटेत आरव्ही-६ हे घरी जोडून बनवतात तसले दोन आसनी विमान होते. अव्हेंजर रिकामे असतानाच साडेचार टनांहून जड असते आणि त्याच्या नाकात चौदा सिलिंडरांचे भलेमोठे गोल इंजिन असते. आरव्ही-६ अर्ध्या टनाच्या आसपास. अव्हेंजरचा प्रोपेलर छोट्या विमानावर चढला आणि त्यातील प्रवासी ठार झाला. दोन्ही विमाने जमिनीवर होती, हवा उडण्याजोगी होती आणि मेळ्याच्या गर्दीत वाट दाखवणारी माणसेही असतात. यांपैकी कशानेही वैमानिकाच्या नजरेची उणीव भरून निघाली नाही.

पुढे चाक असलेल्या आजच्या विमानांतून समोरचे चांगले दिसते, पण प्रश्न संपत नाही. सेस्ना १७२चे पंख छताच्या पातळीवर असतात. धावपट्टीवर शिरताना वरून उतरायला येणारे विमान त्या पंखाआड लपू शकते. पायपर चेरोकीसारख्या खालच्या पंखांच्या विमानातून आकाश मोकळे दिसते, मात्र पंखाखालचा चाकाचा अडसर किंवा सुळका नजरेतून सुटतो. पंखांच्या टोकांचा अंदाज तर दोन्हींत चुकतो. सेस्नाचे पंख एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सुमारे ११ मीटर भरतात, म्हणजे टोक वैमानिकापासून साडेपाच मीटरांवर. तिथे वीतभर जागा आहे की हातभर, हे आसनावरून खात्रीने सांगता येत नाही. शंका आली की थांबावे, इंजिन बंद करावे आणि टो-बार लावून विमान हाताने ओढावे. यात पाच मिनिटे जातात, इतकेच.

दुसरे कारण लक्षाचे आहे. उड्डाणापूर्वी वैमानिक ब्रेक दाबून इंजिन मिनिटाला सतराशे-अठराशे फेऱ्यांपर्यंत नेतो आणि इंजिनाला ठिणगी पुरवणारे दोन्ही मॅग्नेटो तपासतो. डोळे काट्यांवर खिळलेले असतात, इंजिन विमानाला पुढे रेटत असते आणि ब्रेकवरचा पाय नकळत सैल होतो. विमान सरकू लागते, पण डोके खाली असलेल्याला ते कळत नाही. पुढे दुसरे विमान उभे असेल, तर मधले दहा मीटर पाहता पाहता संपतात. धुळे, बारामती, गोंदिया यांसारख्या प्रशिक्षणाच्या ठिकाणी सकाळच्या शांत हवेत एकामागून एक विमाने निघतात, तेव्हा ही तपासणी पुढच्या विमानाच्या शेपटाकडे नाक करून करू नये, ही शिस्त विशेष महत्त्वाची ठरते. टॅबलेटवरचा नकाशा पाहणे, रेडिओची कळ फिरवणे, तपासयादी वाचणे ही कामेही विमान थांबवूनच करायची असतात.

यंत्रातील दोषही कारण ठरतात. सिरस किंवा डायमंड डीए-४० या विमानांचे पुढचे चाक मोकळे फिरते. कमी वेगात दिशा वळवायची ती एका बाजूचा ब्रेक दाबून. तिथे ब्रेक गेला की थांबणे आणि वळणे दोन्ही एकदमच जातात. जुन्या विमानांचे इंजिन प्रोपेलर हाताने फिरवून चालू करतात. चाकांना अडसर नसेल आणि आत जाणता माणूस नसेल, तर विमान एकटेच चालू लागते आणि उभ्या विमानांच्या रांगेत घुसते.

नियम जुने आणि स्पष्ट आहेत. समोरासमोर आलेल्या विमानांनी थांबावे किंवा शक्य तेथे उजवीकडे वळावे. वाटा एकमेकींना छेदत असतील, तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरे विमान आहे त्याने थांबून वाट द्यावी. मागून पुढे जाणाऱ्याने पुरेसे अंतर राखावे. रेडिओ बंद पडला, तर टॉवरवरून दिव्याने खूण मिळते: लुकलुकता हिरवा म्हणजे टॅक्सी करा, स्थिर लाल म्हणजे थांबा, लुकलुकता पांढरा म्हणजे निघालात तिथे परत जा. टॉवरची परवानगी ही मार्गाची परवानगी असते. पुढच्या विमानाला न धडकण्याची जबाबदारी त्यानंतरही वैमानिकाकडेच राहते, आणि हे नवशिक्यांच्या मनावर पुरेसे ठसत नाही.

टॅक्सीइंगमधली चूक धावपट्टीपर्यंत पोहोचली, की तिची किंमत फार मोठी होते. २२ नोव्हेंबर १९९४च्या रात्री सेंट लुइस येथे सेस्ना ४४१ चुकीच्या धावपट्टीवर शिरले आणि उड्डाणासाठी धावणाऱ्या एमडी-८२ या प्रवासी विमानाने त्याला उडवले. सेस्नातील दोघे गेले. इलिनॉयमधील क्विन्सी येथे टॉवर नव्हता. १९ नोव्हेंबर १९९६ रोजी उतरायला येणाऱ्या बीचक्राफ्ट १९००च्या वैमानिकांनी रेडिओवर विचारले, पुढचे किंग एअर थांबणार आहे ना? उत्तर आले ते किंग एअरच्या मागे उभ्या असलेल्या चेरोकीतून, आणि तेही अर्धवट ऐकू आले. उतरणाऱ्यांनी ते किंग एअरचे समजले. किंग एअर मात्र थांबले नाही; धावपट्ट्यांच्या छेदावर दोन्ही विमाने आदळली आणि त्यांतील सर्व १४ जण मृत्यू पावले. मिलानच्या लिनाते विमानतळावर ८ ऑक्टोबर २००१च्या धुक्यात छोटे सायटेशन जेट चुकीच्या टॅक्सीवेने धावपट्टीवर आले. तिथे उड्डाणासाठी धावणाऱ्या विमानाशी त्याची टक्कर होऊन ११८ माणसे गेली. जमिनीवरची विमाने दाखवणारे रडार तेव्हा चालू नव्हते.

मंद वेगातही इजा गंभीर होते ती प्रोपेलरमुळे. दोन पात्यांचा प्रोपेलर मिनिटाला आठशे फेऱ्या घेत असेल, तर सेकंदाला सुमारे सत्तावीस वार होतात. विमान भरभर चालीने पुढे सरकत असेल, तर समोरच्या पत्र्यावर दर पाच-सहा सेंटिमीटरला एक उभा काप पडतो. या कापांमधले अंतर मोजून तपास अधिकारी टकरीच्या वेळचा वेग काढतात. पाते कशालाही लागले, की धक्का इंजिनाच्या क्रँकशाफ्टपर्यंत जातो. म्हणून बाहेरून धड दिसणारे इंजिनही उघडून तपासावे लागते. पंखांच्या टाक्यांतील पेट्रोल सांडून आग लागण्याची भीती असते ती वेगळी.

आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतुकीच्या शिकागो कराराच्या तेराव्या परिशिष्टातील अपघाताच्या व्याख्येतून केवळ पंखाचे टोक, प्रोपेलर, अँटेना किंवा पत्र्यावरचे लहान पोचे यांपुरते मर्यादित नुकसान वगळले आहे. त्यामुळे कोणाला गंभीर इजा झाली नसेल, तर टॅक्सीवेवरच्या कित्येक धडका अपघातांच्या गणतीत येतच नाहीत. त्यांची नोंद फ्लाइंग क्लबच्या वहीत आणि दुरुस्तीच्या बिलात राहते.