वासरांनी खोटं पाडलं

१९४८ साली स्टॉकहोममध्ये आनुवंशिकशास्त्राची परिषद भरली होती. तिथे ह्यू डोनाल्ड नावाच्या पशुतज्ज्ञानं प्राणिशास्त्रज्ञ पीटर मेडावर यांच्यापुढे एक अडचण मांडली. गायीला जुळं झालं, तर वासरं एकाच बीजाची की दोन वेगळ्या, हे ओळखायचं कसं? तेहेतिशीतल्या मेडावरना त्यात काहीच अवघड वाटलं नाही. एकाची कातडी दुसऱ्याला लावायची. टिकली तर एकबीज, झडली तर द्विबीज. हे आपण स्वतः करून दाखवू, असा शब्दही ते देऊन बसले.

हा आत्मविश्वास अनाठायी नव्हता. युद्धाच्या काळात ग्लासगोच्या इस्पितळात त्यांनी आणि शल्यविशारद टॉम गिब्सन यांनी भाजलेल्या एका बाईला तिच्या भावाची कातडी लावली होती. ती काही दिवसांनी झडली. त्याच भावाची पुन्हा लावली, तर आधीपेक्षा कितीतरी लवकर झडली. शरीर परक्याची ओळख ठेवतं, म्हणजे हा नकार प्रतिकारशक्तीचाच, असं १९४३ मध्ये त्यांनी लिहिलं.

दिलेला शब्द पाळायला मेडावर आणि त्यांचे सहकारी रूपर्ट बिलिंगहॅम बर्मिंगहॅमजवळच्या गोठ्यात पोचले. निकाल पाहून दोघं चक्रावलेच. जुळ्यांनी एकमेकांची कातडी बिनतक्रार स्वीकारली होती. त्यांत कालवड आणि गोऱ्हा अशा जोड्याही होत्या! त्या तर एकबीज असूच शकत नाहीत.

उत्तर आधीच छापून आलं होतं. विस्कॉन्सिनमध्ये दुभत्या गायींच्या शेतावर वाढलेल्या रे ओवेन यांनी १९४५ मध्ये दाखवलं होतं, की द्विबीज जुळ्या वासरांच्या अंगात दोन प्रकारच्या रक्तपेशी सुखानं नांदतात. गायीच्या पोटात दोन्ही वारांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या जातात आणि रक्ताची सरमिसळ होते. गोऱ्ह्याबरोबर जन्मलेली कालवड बहुधा वांझ निघते ती याच सरमिसळीमुळे. ही गोष्ट शेतकऱ्यांना फार पूर्वीपासून माहीत होती. जॉन हंटर यांनी अशा कालवडींवर १७७९ मध्येच निबंध लिहिला होता. प्रयोगशाळेला गोठ्यात यायला उशीर झाला, इतकंच.

ऑस्ट्रेलियात मॅकफर्लेन बर्नेट आणि फ्रँक फेनर यांनी १९४९ मध्ये ओवेन यांचा धागा पुढे नेला. ‘आपलं’ आणि ‘परकं’ हा भेद शरीर जन्मापूर्वीच्या दिवसांत शिकतं, असा त्यांचा तर्क होता. तो पडताळला मेडावर, बिलिंगहॅम आणि लेस्ली ब्रेंट यांनी. एका जातीच्या उंदरांच्या गर्भात त्यांनी दुसऱ्या जातीच्या पेशी टोचल्या. पिल्लं मोठी झाल्यावर त्यांना त्या दुसऱ्या जातीची कातडी लावली आणि ती टिकली. तपकिरी उंदराच्या अंगावर पांढऱ्या केसांचं ठिगळ! १९५३ मध्ये ‘नेचर’मध्ये हे प्रसिद्ध झालं.

शल्यविशारदांना मात्र याचा थेट उपयोग नव्हता. पन्नास वर्षांनी कुणाचं मूत्रपिंड लागणार, हे ठरवून गर्भातल्या बाळाला पेशी कोण टोचणार? डिसेंबर १९५४ मध्ये बोस्टनला जोसेफ मरे यांनी मूत्रपिंडाचं रोपण यशस्वी केलं, ते एकबीज जुळ्या भावांमध्ये. त्याआधी खात्रीसाठी त्यांनी एकाची कातडी दुसऱ्याला लावून पाहिली होती. वासरांच्या बाबतीत फसलेली तीच परीक्षा माणसांत कामी आली. बाकीच्यांची भिस्त औषधांवर राहिली: आधी अ‍ॅझाथायोप्रिन, मग नॉर्वेच्या मातीत सापडलेल्या बुरशीपासून बनवलेलं सायक्लोस्पोरिन. त्याला अमेरिकेत १९८३ मध्ये परवानगी मिळाली. या गोळ्या नकार दाबून ठेवतात. उंदरांसारखा स्वीकार शिकवत नाहीत.

१९६० चं नोबेल बर्नेट आणि मेडावर यांना मिळालं. मेडावरनी आपल्या वाट्याचे पैसे बिलिंगहॅम आणि ब्रेंट यांच्यासह वाटून घेतले. ओवेन यांचं नाव यादीत नव्हतं. ते असायला हवं होतं, असं मेडावरनी त्यांना पत्रानं कळवलं.