पगार: सावकाराची समजूत
‘पगार’ आपल्याकडे आला पोर्तुगीजांकडून. त्यांच्याकडे ते क्रियापद, अर्थ पैसे चुकते करणे. मराठीने आणि गुजरातीने त्याचे सरळ नाम करून टाकले. मूळ लॅटिन ‘पाकारे’ म्हणजे शांत करणे, आणि त्याच्यामागे ‘पाक्स’, शांतता. पैसे हातात पडले की सावकार शांत होतो, एवढीच यातली मेख! फ्रेंचमार्गे इंग्रजीत ‘पे’ पोचले; ‘पीस’ही त्याच घराण्यातला. रोमानियन भावंडाला मात्र पैशाशी कर्तव्य नाही, ते अजून भांडणाऱ्यांचा समेटच घडवते. मराठीने पुढे फारसी ‘दार’ जोडून पगारदार घडवला. आणि ‘बिनपगारी फुल अधिकारी’त तर पोर्तुगीज, इंग्रजी, संस्कृत असे तिघे एकाच कचेरीत बसलेत, अर्थात फुकट.