सावायामा, रिना
सावायामा, रिना : (१६ ऑगस्ट १९९०– ). जपानी-ब्रिटिश पॉप गायिका व गीतकार. जन्म जपानमधील नीगाता येथे. लहानपणीच ती कुटुंबासह लंडनला आली. केंब्रिज विद्यापीठात राज्यशास्त्र, मानसशास्त्र आणि समाजशास्त्र शिकली. पदवीनंतर मॉडेलिंग करत तिने कोणत्याही कंपनीविना गाणी काढली आणि २०१७ मध्ये ‘रिना’ हा छोटा अल्बम स्वतःच प्रकाशित केला. ‘डर्टी हिट’ या स्वतंत्र कंपनीतर्फे आलेला ‘सावायामा’ (२०२०) हा अल्बम म्हणजे तिची सर्वांत धीट निर्मिती. त्यातील ‘एक्सएस’ या गाण्यात मुलायम पॉप चालीवर मध्येच कर्कश मेटल गिटार कोसळते आणि उपभोगाच्या हव्यासावरची टीका थेट अंगावर येते.

त्याच वर्षी ब्रिटनमधील ‘मर्क्युरी’ या संगीत पुरस्कारासाठी ती नागरिकत्वाच्या अटीमुळे अपात्र ठरली. तिच्याकडे ब्रिटनमधील कायम वास्तव्याचा परवाना होता. पण पासपोर्ट जपानी, आणि जपान प्रौढांना दुहेरी नागरिकत्व देत नाही. हा अन्याय तिने जाहीरपणे मांडला. परिणामी फेब्रुवारी २०२१ मध्ये नियम बदलले : पाच वर्षांहून अधिक काळ ब्रिटनमध्ये कायम वास्तव्य असलेले कलावंत ‘मर्क्युरी’ व ‘ब्रिट’ या संगीत पुरस्कारांसाठी पात्र ठरू लागले. तिचा पुढचा अल्बम ‘होल्ड द गर्ल’ (२०२२) ब्रिटनच्या अल्बम-यादीत तिसऱ्या क्रमांकावर पोहोचला.