ट्राम गेली, वीज परत आली

विजेवरची बस म्हणजे आजची नवलाई, असे आपण समजतो. पण मुंबईत विजेची ट्राम १९०७ सालीच धावू लागली. त्याआधी, १८७४ पासून, ट्रामला घोडे जुंपत. मोटारबस त्यानंतरची, १९२६ ची.

७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, मुंबई महापालिकेने ट्राम, बस आणि वीजपुरवठा हा सगळा कारभार कंपनीकडून आपल्या ताब्यात घेतला. तोच ‘बेस्ट’ उपक्रम. शहराची गाडी शहराच्या मालकीची झाली. पुढे मात्र रस्त्यावर मोटारी वाढल्या आणि ट्रामची अडचण वाटू लागली. ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम धावली. वरच्या तारांवर चालणारी ट्रॉलीबस १९६२ मध्ये आणली होती, तीही १९७१ मध्ये थांबली. मग कित्येक वर्षे डिझेलचेच राज्य.

मार्च २०२२ मध्ये त्याच महापालिकेने हवामान कृती आराखडा काढला. शहराच्या कार्बन उत्सर्जनात सुमारे पाचवा हिस्सा वाहतुकीचा निघाला. २०२३ मध्ये विजेची दुमजली बस रस्त्यावर आली. चालू सोय मोडणे सोपे असते, ती परत आणायला अर्धे शतक जाते.

आता आपल्याकडे बघू. केंद्राच्या २०२३ च्या ई-बस योजनेत जळगाव शहराचे नाव आहे. चांगलेच आहे. पण ती वीज येते कुठून? आपल्याच जिल्ह्यात, भुसावळजवळ दीपनगरला, कोळसा जाळून वीज तयार होते. म्हणून बस विजेची की डिझेलची, याच्याही आधीचा प्रश्न आहे: एका गाडीत माणसे किती? पन्नास जणी एका एसटीत बसल्या, तर पंचवीस दुचाकींचे पेट्रोल वाचते. मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धे तिकीट आहे, त्याचा हाही एक फायदा.

बस वेळेवर मिळाली नाही, की घरात दुचाकीचा विषय निघतो. मग हप्ता येतो, आणि गटाकडे कर्जाचा अर्जही. धुराचा आणि आपल्या बचतीचा संबंध असा आहे.

एसटी राज्याची आहे, पण थांब्यावरची सावली, रस्त्यावरचा दिवा आणि चालायला मोकळी जागा हे नगरपालिकेचे आणि ग्रामपंचायतीचे काम. राज्याच्या ‘माझी वसुंधरा’ अभियानात २०२० पासून गावांच्या आणि शहरांच्या पर्यावरणाच्या कामाला गुण मिळतात. आणि २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक संस्थांच्या निम्म्या जागा महिलांच्या आहेत. पायी आणि बसने जास्त फिरतो आपणच. तेव्हा पुढच्या ग्रामसभेत, नाहीतर आपल्या प्रभागाच्या नगरसेविकेकडे, एवढेच विचारू: आमच्या थांब्यावर शेड आणि दिवा कधी होणार? दोघी-तिघी मिळून विचारू, आणि उत्तर लेखी मागू.