दोष बाजाराचा की मांडणीचा? वर्गात खेळल्या जाणाऱ्या एका खेळाचा इतिहास

१९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीला एक कोडे सुटत नव्हते. केंटकी राज्यातील तिचे घरगुती उपकरणांचे कारखाने कधी तीन-चार पाळ्यांत चालत, तर काही वर्षांनी तेथील निम्म्या कामगारांना घरी बसावे लागे. बाजारातील तेजी-मंदीचे कारण पुरेसे वाटत नव्हते. एमआयटीतील जे फॉरेस्टर हे मूळचे विद्युत अभियंते. त्यांनी कंपनीत नोकरभरतीचे आणि साठ्याचे निर्णय कसे होतात हे विचारून घेतले, वहीच्या पानावर रकाने आखले आणि आठवड्यामागून आठवड्याचा हिशेब मांडला. बाहेरची मागणी स्थिर धरली, तरी कामगारसंख्या हेलकावे खातच राहिली! दोष कंपनीच्या स्वतःच्या नियमांतही दडलेला होता.

खेळातून व्यवस्थापन शिकवण्याची कल्पना तेव्हा नवीच होती. नौदलाच्या युद्धखेळांवरून स्फूर्ती घेऊन अमेरिकन मॅनेजमेंट असोसिएशनने १९५७ मध्ये उद्योगप्रमुखांसाठी असा खेळ सादर केला. त्याची आकडेमोड आयबीएम ६५० हा संगणक करी. फॉरेस्टर यांच्या गटाने घडवलेल्या ‘बिअर गेम’ला मात्र एक पट, काही सोंगट्या आणि चिठ्ठ्या पुरल्या.

त्यात किरकोळ विक्रेता, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना असे चार खेळाडू असतात. एकमेकांशी बोलण्यास मनाई. फक्त मागणीची चिठ्ठी पुढे सरकवायची. माल हाती येण्यास काही आठवडे लागतात. ग्राहकाची मागणी आठवड्याला चार खोक्यांवरून एकदाच आठवर जाते आणि तेथेच स्थिरावते. तरीही टंचाईच्या धास्तीने प्रत्येक जण गरजेपेक्षा अधिक मागवतो. कारखान्यापर्यंत त्या वाढीची लाट होते आणि पुढे मालाचे ढीग साचतात. खेळ संपल्यावर ‘ग्राहकाच्या मागणीचा आलेख काढा’ असे सांगितले, की बहुतेक जण चढउतार रेखाटतात. खरा आलेख पाहिल्यावर वर्ग स्तब्ध होतो. जॉन स्टर्मन यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खेळाडूंचा सरासरी खर्च किमान शक्य खर्चाच्या सुमारे दहापट निघाला.

१९६१ मध्ये कलकत्त्याची भारतीय व्यवस्थापन संस्था एमआयटीच्या, तर अहमदाबादची हार्वर्डच्या सहकार्याने उभी राहिली. हार्वर्डच्या प्रकरण-पद्धतीत विद्यार्थी दुसऱ्याच्या निर्णयाची चिकित्सा करतो. खेळात त्याचाच निर्णय काही आठवड्यांनी त्याच्यासमोर येऊन उभा ठाकतो. वाणिज्याच्या पहिल्या वर्षाच्या वर्गाला दोन्हींची गरज आहे.

अर्थात, खेळाचे नियमही कोणीतरी गृहीत धरलेलेच असतात. म्हणून खेळानंतरची चर्चा हाच खरा तास. तो वगळला, तर उरते केवळ हारजीत. तो नीट झाला, तर उद्याचा व्यवस्थापक कामगारकपातीच्या कागदावर सही करण्यापूर्वी बाजाराकडे बोट दाखवणार नाही. आधी आपलीच वही उघडून पाहील.