बालपणीचा किरणोत्सर्ग आणि गळ्यातील गाठ

मार्कंडेयाच्या कपाळी अवघे सोळा वर्षांचे आयुष्य लिहिलेले होते. त्याने शिवलिंगाला मिठी मारून काळाला परतविले, अशी कथा आहे. त्याच नावाच्या या मार्कंड्यास, वैनगंगेच्या काठी, आम्ही मुलांच्या आयुष्याचीच एक अर्वाचीन हकीकत सांगणार आहोत.

तिचा आरंभ दवाखान्यात होतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत तान्ह्या मुलांच्या छातीतील ग्रंथी वाढली आहे असे समजून, पुढे टॉन्सिलसाठीही, क्ष-किरण देत. हेतू चांगला होता. पण 1950 साली न्यूयॉर्कच्या डफी व फिट्झजेराल्ड या डॉक्टरांना असे दिसले की, गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचा कर्करोग झालेल्या कित्येक मुलांना लहानपणी असे किरण दिलेले होते. 1 मार्च 1954 रोजी बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बचा स्फोट झाला. राँगेलाप बेटावर राख पडली आणि मुले तिच्यात खेळली. त्यांच्या गळ्यांत गाठी दिसू लागल्या त्या 1963 पासून. काळ असा सावकाश येतो.

26 एप्रिल 1986 ला चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. तेथील किरणोत्सर्गी आयोडीन गवतावर पडले, गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून लेकरांच्या गळ्यात गेले. ते आठ दिवसांत निम्मे होते. म्हणजे काही आठवडे दूध बंद ठेवले असते तरी पुष्कळ निभावले असते. शेजारच्या पोलंडने काही दिवसांतच मुलांना साधे आयोडीन पाजण्यास सुरुवात केली आणि एक कोटीहून अधिक मुलांपर्यंत ते पोचविले. जेथे भट्टी फुटली तेथील गावकऱ्यांना मात्र वेळेवर खरे सांगितले गेले नाही. 2005 पर्यंत बेलारूस, युक्रेन व रशियाचा बाधित भाग मिळून, त्या वेळी अठराच्या आत असलेल्यांत सहा हजारांवर रुग्ण आढळले. बहुतेक उपचारांनी वाचले; पंधरा दगावले.

आणखी एक गोष्ट आमच्या रानाला जवळची आहे. ज्या मुलांच्या आहारात आयोडीन कमी, त्यांची भुकेली ग्रंथी विषारी आयोडीनही अधिक ओढून घेते. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा भागांत धोका सुमारे तिप्पट दिसला. ज्या जंगलपट्टीत चारोळीच्या मोबदल्यात मीठ मोजले गेले, तेथे मिठाचे मोल वेगळे सांगावयास नको.

मग सर्वांचेच गळे सोनोग्राफीने तपासावे काय? नाही. दक्षिण कोरियात सरसकट तपासणीने निरुपद्रवी गाठी हजारोंनी सापडल्या आणि निष्कारण शस्त्रक्रिया झाल्या. म्हणूनच 2018 साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अणु-अपघातानंतरही सरसकट तपासणी करू नये, लहानपणी जास्त मात्रा मिळालेल्यांवरच दीर्घकाळ लक्ष ठेवण्याचा विचार करावा, असा सल्ला दिला.

पण जास्त मात्रा कोणाला मिळाली, हे कळायचे कसे? कामगारांत आयुष्य गेल्यामुळे आम्ही एवढे जाणतो की, हजेरीपटावर ज्याचे नाव नाही त्याची भरपाईही नाही. ज्याला बालपणी मानेवर वा छातीवर किरणोपचार झाले, त्याने तो कागद जन्मभर जपावा, डॉक्टरला आपणहून सांगावे. गळ्यात गाठ हाताला लागली तर दाखवावी. सुईने नमुना घेऊन निदान होते. आणि भट्टी चालविणाऱ्यांनी आपल्या वह्या लोकांपुढे उघड्या ठेवाव्यात. मार्कंडेयाला शंकर पावला. आमच्या मुलांना वेळेवर सांगितलेले सत्य पावले पाहिजे.