कॅमेऱ्याचं उसनं बिऱ्हाड

क्रिमियाच्या युद्धाचे फोटो काढायला १८५५ साली रॉजर फेंटन इंग्लंडहून निघाला, तेव्हा त्याच्याबरोबर ५ कॅमेरे, ७०० काचा आणि ३६ मोठ्या पेट्या होत्या. हा पसारा न्यायला त्याने एका वाइनच्या व्यापाऱ्याची जुनी घोडागाडी घेतली, आतून तिची अंधारखोली करून घेतली आणि बाहेरून ठळक अक्षरांत ‘फोटोग्राफिक व्हॅन’ असं रंगवलं. उघड्या माळावर ही गाडी लांबून दिसायची. रशियन तोफांनाही ती दिसली, आणि गोळे तिच्या रोखाने येऊ लागले.

कॅमेऱ्याच्या पिशवीची कुळकथा मी इथून धरतो. फोटोवाल्याने आपलं बिऱ्हाड परक्या धंद्याच्या घरात थाटायचं, ही रीत या गाडीपासूनची. दारावर पाटी लावली की काय होतं, तेही तेव्हाच कळलं होतं. पण ते अंगवळणी पडायला शंभरहून जास्त वर्षं गेली.

फेंटनला गाडी लागली कारण काचेवर दिलेला कोलोडियनचा थर ओला आहे तोवरच फोटो काढून धुवावा लागे. अंधारखोली हाताशी हवीच. १८७० चं दशक सरता सरता कोरड्या काचा तयार विकत मिळू लागल्या आणि फोटोवाला एक पेटी काखेत मारून एकटा रस्त्यावर उतरला. उतरल्यावर नवी कटकट सुरू झाली. पेटी दिसली की लोक थबकायचे, ताठ उभे राहायचे, नाहीतर अंगावर यायचे. मग कॅमेराच लपवायची टूम निघाली. १८८१ मध्ये टॉमस बोलस या इंग्रजाने अशा कॅमेऱ्याला ‘डिटेक्टिव्ह’ हे नाव दिलं, आणि पुढच्या काळात पुस्तकात, टोपीत, काठीच्या मुठीत, हातातल्या बॅगेत बसवलेले कॅमेरे बाजारात आले. १८८६ चा श्टिर्न तर जाकिटाच्या आत छातीवर अडकवायचा. आकार चपट्या डब्याचा, भिंग बटणाच्या काजातून डोकावणारं, आत गोल काच आणि तिच्यावर सहा फोटो. नॉर्वेत कार्ल स्टॉर्मर नावाचा कॉलेजकुमार तो घालून राजधानीच्या मुख्य रस्त्यावर हिंडायचा, ओळखीचं कुणी दिसलं की नमस्कार करायचा आणि समोरचा हसून प्रतिसाद देईपर्यंत दोरी ओढून मोकळा व्हायचा. पुढे हाच स्टॉर्मर ध्रुवीय प्रकाशाचा नामांकित अभ्यासक झाला.

या सगळ्या नाटकी मंडळींत मला आवडतो तो लंडनचा पॉल मार्टिन. पोटासाठी तो लाकडावर चित्रं कोरायचा. १८९० च्या सुमारास त्याने ‘फॅसाइल’ नावाचा कॅमेरा घेतला. दिसायला साधी लाकडी पेटी, आत १२ काचा. एकीवर फोटो निघाला की ती खालच्या खणात उतरायची. मार्टिनने त्यात आपल्या सोयीचे बदल केले आणि तो काखेत धरून फिरू लागला. लांबून पाहणाऱ्याला वाटे, दुकानातला माणूस गिऱ्हाइकाकडे पार्सल पोचवायला निघालाय. लंडनच्या बाजारातले विक्रेते, समुद्रकिनाऱ्यावर अंग सैल सोडून बसलेली जोडपी, सगळी त्याच्या काचेवर आली, कारण पार्सल घेऊन जाणाऱ्याकडे कुणी वळून बघत नाही.

अर्थात यातला चोरटेपणा लोकांना खुपलाच. १८९० मध्ये बोस्टनच्या सॅम्युअल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या वकिलांनी खासगीपणाच्या हक्कावर जो गाजलेला लेख लिहिला, त्यात झटपट निघणाऱ्या फोटोंवरही बोट ठेवलं होतं. मला त्यांचं पटतं. कॅमेरा लपवणं आणि कॅमेऱ्याची पिशवी लपवणं यांत मी फरक करतो. पहिल्यात समोरच्याला फसवलं जातं. दुसऱ्यात फक्त चोराला, आणि फार तर वॉचमनला. पिशवीतून कॅमेरा बाहेर आला की तो सगळ्यांना दिसतोच.

१९२५ मध्ये लायपझिगच्या जत्रेत लायका आला. तळहातात मावणारा, एका फिल्मवर ३६ फोटो काढणारा. इतका लहान कॅमेरा आल्यावर पिशवीची गरजच संपायला हवी होती. झालं उलटं: त्याच्या मापाचा कडक चामड्याचा अंगरखा आला, पुढे भिंगासाठी नाक काढलेला आणि ‘एव्हररेडी केस’ नावाने पुढे जगभर रुळलेला. आपल्याकडे आग्फा क्लिक थ्री ज्या घरात होता, तिथे हे तपकिरी प्रकरण आठवत असेल. महाबळेश्वरच्या सहलीच्या फोटोत काकांच्या खांद्याला ते तिरकं लटकलेलं दिसतं, ते काही योगायोगाने नव्हे. कॅमेरा घरात आहे हे दिसावं म्हणून तर ते होतं.

ज्यांना दिसायचं नव्हतं, त्यांनी पिशवीच टाळली. आंरी कार्तिए-ब्रेसाँने लायकाच्या चकचकीत भागांवर काळी पट्टी चिकटवली. वॉकर इव्हान्सने १९३८ पासून न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत प्रवाशांचे फोटो काढले, ते कोटाच्या दोन बटणांमधून. कॅमेऱ्याचा चकचकीत पत्रा काळा रंगवलेला आणि कळ दाबायची तार बाहीतून हातापर्यंत आणलेली. आपल्या होमाई व्यारावालांना असं काही करावंच लागलं नाही. १९४२ नंतर दिल्लीत त्या साडी नेसून, सायकलवर सामान घेऊन फिरत. ही बाई उगाच हौस करतेय असं पुरुषांना वाटायचं, आणि म्हणूनच आपल्याला नाजूक ठिकाणीही शिरता आलं, असं त्यांनीच पुढे सांगितलं.

पण एक कॅमेरा आणि एक लेन्स यांवर वर्तमानपत्राचं काम भागत नाही. १९५९ मध्ये निकॉन एफ आला आणि लेन्सा बदलायची सवय लागली. एका बॉडीवर रुंद, दुसरीवर लांब पल्ल्याची, शिवाय फ्लॅश, सेल, फिल्मचे रोल. हे सगळं मावेल असा तयार पर्याय म्हणजे अॅल्युमिनियमची पेटी. एर्ल हॅलिबर्टन या तेलवाल्या उद्योजकाने १९३८ मध्ये टेक्सासच्या धुळीत प्रवासाचं सामान टिकावं म्हणून ती काढली होती. फोटोवाल्यांनी ती आपलीशी केली. धूळ जात नाही, पाणी जात नाही, गर्दीत पाठीमागे राहिलात तर तिच्यावर उभंही राहता येतं. फक्त दिसते मात्र बँकेची रोकड नेल्यासारखी. आणि लेन्स बदलायची तर ती जमिनीवर ठेवून, पुढ्यात बसून, दोन्ही खटके उघडावे लागतात. तोवर मंत्री गाडीत बसून गेलेले असतात.

ज्यांच्या खिशाला पेटी झेपत नव्हती, त्यांची सोय दुसऱ्या महायुद्धाने करून ठेवली होती. ब्रिटनमध्ये सैनिकांना विषारी वायूपासून बचाव करणारा मुखवटा ठेवायला जाड कॅनव्हासची पिशवी मिळे: आत कप्पे, वर झाकण, रुंद पट्टा. युद्ध संपल्यावर या पिशव्या लष्कराच्या जुन्या मालात ढिगाने निघाल्या, आणि पैशाची ओढाताण असलेल्या हौशी फोटोवाल्यांनी त्या उचलल्या. मुखवट्याच्या जागी कॅमेरा आला.

मासे पकडणाऱ्यांची पिशवी आली ती याच वाटेने, पण थोड्या थाटात. इंग्रज माणूस गळ टाकायला नदीवर जातो तेव्हा खांद्याला जी पिशवी लावतो, तिला ओलाव्याशी रोजचं झगडावं लागतं: आत ओले मासे, बाहेर पाऊस, खाली चिखल. म्हणून कापड जाड, झाकण पुढे लांब उतरलेलं, आणि दोरा, गळ, चाक ठेवायला बाहेर खिसे. मार्टिन बिलिंगहॅमने १९७३ मध्ये इंग्लंडच्या वेस्ट मिडलंड्समध्ये अशा पिशव्या करायला सुरुवात केली. जवळचं वॉलसॉल पिढ्यान्‌पिढ्या खोगिरं आणि चामडी सामान करणारं गाव. १९७८ मध्ये त्याच्या कानावर आलं की आपला माल न्यूयॉर्कमध्ये जे घेतात त्यांत फोटोग्राफर बरेच आहेत. गळाच्या चाकाच्या खिशात फिल्मचे रोल बरोब्बर बसत होते! बिलिंगहॅमने आत गादीचे कप्पे घातले आणि कॅमेऱ्याच्या पिशव्या करायला घेतल्या. दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर, कडांना तपकिरी चामडं, पितळी बकलं. वरून बदल जवळजवळ नाहीच.

अमेरिकेत त्याच्या थोडं आधी हाच विचार दुसऱ्या टोकाने झाला होता. जिम डोम्के हा ‘फिलाडेल्फिया इन्क्वायरर’चा फोटोग्राफर. दिवसभर पेट्या आणि कडक बॅगा वाहून वैतागलेला. १९७० च्या दशकाच्या मध्यावर त्याने आपल्यासाठी एक सुती कॅनव्हासची मऊ पिशवी बेतली, सहकाऱ्यांनाही ती हवीशी झाली, आणि ‘एफ-२’ या नावाने ती अजून विकली जाते. एखादी जुनी, वापरून पांढुरकी झालेली एफ-२ हातात घेऊन पाहावी. पट्टा पिशवीला कडेला नुसता शिवलेला नाही. तो एका बाजूने उतरतो, बुडाखालून जातो आणि दुसऱ्या बाजूने वर येतो, म्हणजे वजन शिवणीवर न येता पट्ट्यावरच येतं. त्या पट्ट्यात रबराचे धागे विणलेत, त्यामुळे खांद्यावरून तो घसरत नाही. झाकणाला पोलादी हूक. मधले कप्पे तेवढे गादीचे, आणि तेही उचलून बाहेर काढता येतात; भिंती म्हणजे नुसतं कापड. रिकामी झाली की पिशवी चक्क कोसळते. दुकानदाराच्या भाषेत हा दोष. पण याच दोषामुळे ती कमरेशी चिकटून राहते, गर्दीत कुणाला टोचत नाही आणि चार पावलांवरून प्लंबरची वाटते.

या दोन पिशव्यांनी एक पिढी निभावली आणि मग त्यांचं गुपित फुटलं. जगातल्या बातमीदारांच्या प्रत्येक घोळक्यात खाकी पिशव्या दिसू लागल्यावर, खाकी पिशवी म्हणजे आत कॅमेरा, हे ओळखायला चोराला शाळेत जावं लागलं नाही. लोक ब्लेडने नावाची पट्टी उसवू लागले. बिलिंगहॅमचं तर आणखी पुढे गेलं: ती पिशवी लपायची जागा राहिली नाही, ऐपतीची खूण झाली. १९९५ मध्ये मेलबर्नला सुरू झालेल्या क्रंपलरवाल्यांनी सायकलवरून टपाल पोचवणाऱ्या पोरांची तिरकी बॅग नंतर कॅमेऱ्यासाठीही पुढे आणली. काही वर्षं तीही खपून गेली, मग तिचाही तोच प्रकार झाला. वेष उसना घ्यायचा, तो फार पसरला की दुसरा शोधायचा, एवढाच या घराण्याचा धर्म दिसतो.

आपल्याकडे असा एक वेष आयता होता, शबनम. खांद्याला शबनम असलेला माणूस कवी, कार्यकर्ता किंवा प्रायोगिक नाटकवाला. त्याच्याकडे चोरण्यासारखं काही असेल असं कुणाच्या स्वप्नातही येत नसे. पण तिला बूड नाही. दोन लेन्सा एकमेकींवर आपटतात, आणि बसताना पिशवी टेकली की पहिला दणका काचेला. टॉवेलात गुंडाळून वेळ मारून नेता येते, पण घाईत टॉवेल आधी बाहेर येतो. तिच्या उलट टोकाला कॅमेऱ्याबरोबर फुकट मिळणारी काळी बॅग. तिच्यावर कंपनीचं नाव इतकं मोठं असतं की फेंटनची गाडी आठवावी. लग्नाच्या हॉलमध्ये तीच कामाची, हे मान्य. तिथे फोटोग्राफर म्हणून ओळखू आला नाहीत तर अंतरपाटाजवळ पोचूही देणार नाहीत.

हल्ली कंपन्यांनी पिशवीचा नादच सोडल्यासारखा केलाय. नुसता आतला गादीचा डबा वेगळा विकतात. मला हाच मार्ग सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. डबा एकदा घ्यावा आणि जिथे जायचं तिथली पिशवी वर चढवावी: मार्केट यार्डात बाजाराची, वांद्रे-कुर्ला संकुलात लॅपटॉपची, कॉलेजात पोरांची सॅक. वेल्क्रोची चरचर टाळावी. कीर्तनात किंवा शोकसभेत तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. एक गोष्ट मात्र डबा भरून, आरशात बघूनच ठरवावी, ती म्हणजे कोपरे. भाजी, कपडे, पुस्तकं, काहीही भरलं तरी पिशवी इतकी नेमकी चौकोनी होत नाही; सराईत नजर नाव वाचत नाही, कोपरे बघते. त्यावर उपाय स्वस्त आहे. पिशवी एक माप मोठी घ्यायची आणि डब्यावर घडी मोडलेलं वर्तमानपत्र आणि एक नॅपकिन टाकायचा. झाकण फुगतं, कोपरे मोडतात, आणि लोकलच्या दारात पावसाचा सपकारा आलाच तर आधी नॅपकिन भिजतो.